लिसफ्रँक सांधा निखळलाय: प्लॅस्टर, स्क्रू की सांधा कायमचा जोडायचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे वडील ५४ वर्षांचे, शेती करतात. १२ दिवसांपूर्वी चिखलात मोटारसायकल घसरली आणि डावं पाऊल गाडीखाली मुडपलं. जवळच्या दवाखान्यात झोपवून एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नाही, पाय मुरगळलाय, असं सांगून क्रेप बँडेज आणि गोळ्या दिल्या. सूज थोडी उतरली, पण पाय टेकवला की कळ मस्तकात जाते. मग जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून सांगितलं की पावलाच्या मधला लिसफ्रँक सांधा निखळलाय, ऑपरेशन लागेल, स्क्रू-प्लेट टाकू किंवा सांधा कायमचा जोडू. काका म्हणतात हाडवैद्याकडून बसवून घ्या, आत्या म्हणतात प्लॅस्टरने भागेल. तुम्हाला हवी आहेत चार उत्तरं: ऑपरेशन टाळता येईल का, उशीर झालाय का, दोन्हीतलं कुठलं ऑपरेशन बरं, आणि बाबा पुन्हा शेतात उभे राहतील का, ट्रॅक्टर चालवतील का.

मी हाडांचा सर्जन आहे आणि पाऊल-घोट्याच्या दुखापती हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. बाबांच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, पाय हातात घेऊन तपासलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण असा रुग्ण समोर आला की मी काय बघतो आणि कुठल्या गोष्टीवरून कुठे वळतो, हे सांगता येईल.

घरात वाद चालू आहे तो प्लॅस्टर की ऑपरेशन यावर. त्याच्या आधीचा प्रश्न असा की बाबांच्या शरीराचं वजन त्या पावलावर आलं की सांधा जागेवर राहतो की उघडतो. जागेवर राहत असेल तर ऑपरेशनचं नाव काढायचं कारण नाही. उघडत असेल, किंवा आधीच उघडलेला असेल, तर कितीही चांगलं प्लॅस्टर घातलं तरी तो जागेवर टिकत नाही. बाकीचं सगळं यावर ठरतं.

हा सांधा आहे कुठे ते आधी बघू. घोटा आणि बोटं यांच्या साधारण मध्यावर, बुटाची नाडी बांधतो त्या पट्ट्यात. बोटांकडून मागे येणारी पाच लांब हाडं, म्हणजे मेटाटार्सल, इथे पावलाच्या मागच्या छोट्या हाडांना टेकतात. अंगठ्याचं पहिलं, करंगळीचं पाचवं, आणि प्रत्येकाचा एक असे पाच छोटे सांधे मिळून हा लिसफ्रँक सांधा. आतल्या बाजूची तीन हाडं पाचरीच्या आकाराची असतात, बाहेरचं घनाकृती. या ठिकाणी पाऊल आडवं कापून पाहिलं तर जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजावरची दगडी कमान दिसेल, आणि दुसऱ्या मेटाटार्सलचं बूड हा त्या कमानीच्या माथ्यावरचा दगड. ते बूड शेजाऱ्यांपेक्षा जरा मागे, खोबणीत घुसून बसलेलं असतं. तो दगड सरकला की बाकीच्यांनाही आधार उरत नाही.

आता यातली नाजूक जागा. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची मेटाटार्सल बुडाशी एकमेकांना लिगामेंटने, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्याने, बांधलेली असतात, पण पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये तसा बांध नसतो. त्याऐवजी आतल्या पाचरीच्या हाडापासून दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडापर्यंत एक जाड, तिरकं लिगामेंट जातं. लिसफ्रँक लिगामेंट म्हणतात ते हेच. ते तुटलं की अंगठा एकीकडे आणि उरलेला चवडा दुसरीकडे जायला मोकळा होतो. (ज्यांच्या नावाने हा सांधा ओळखला जातो ते झाक लिसफ्रँक हे नेपोलियनच्या काळातले फ्रेंच सर्जन. त्यांनी १८१५ साली याच रेषेतून पुढचं पाऊल कापून टाकण्याची पद्धत वर्णन केली होती. सांधा बसवून पाऊल वाचवणं हे नंतरच्या सर्जननी शिकवलं.)

दुचाकीवरून पडताना टाच वर, चवडा खाली टेकलेला आणि वरून गाडीचं व अंगाचं वजन, असं झालं की सगळा जोर याच जागेवर येतो. घोडेस्वाराचा पाय रिकिबीत अडकून तो पडला की हीच दुखापत व्हायची. आज आमच्याकडे ती दुचाकी, ट्रॅक्टर, खड्ड्यात पडलेला पाय आणि पावलावर पडलेलं जड ओझं यांतून येते.

पहिल्या एक्स-रेत ते दिसलं नाही याचा तुम्हाला राग आलेला दिसतोय. समजू शकतो. पण ही दुखापत फसवी आहे. पहिल्या तपासणीत ती निसटण्याचं प्रमाण सुमारे २० टक्के असल्याचं अस्थिरोगशास्त्रात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. कारण साधं आहे. लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही, रुग्ण झोपलेला असताना वजन नसल्यामुळे हाडं बरीचशी जागेवर परत येतात, आणि या भागात हाडांच्या सावल्या एकमेकांवर पडतात. म्हणून मी दोन्ही पावलांचे उभं राहून काढलेले एक्स-रे मागतो, म्हणजे दुखऱ्या पावलाची तुलना त्याच माणसाच्या चांगल्या पावलाशी होते. समोरून काढलेल्या फिल्ममध्ये दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कड आणि मधल्या पाचरीच्या हाडाची आतली कड एका सरळ रेषेत यायला हवी. तिरक्या फिल्ममध्ये चौथ्या मेटाटार्सलची आतली कड घनाकृती हाडाच्या आतल्या कडेशी जुळायला हवी. अंगठ्याच्या आणि शेजारच्या मेटाटार्सलमधली फट २ मिलिमीटरपेक्षा जास्त रुंदावली असेल, किंवा त्या फटीत हाडाची बारीक टिकली दिसत असेल, तर लिगामेंट गेलं असं मी धरतो. आणि फिल्मच्याही आधी बघायची खूण म्हणजे तळपायाच्या मध्यावरचा काळानिळा डाग. पावलाच्या वरच्या बाजूचं रक्त साकळलेलं कुणालाही दिसतं, तळव्याकडचं मात्र पाय उचलून बघावं लागतं. साध्या मुरगळण्यात ते सहसा येत नाही. पहिल्या आठवड्यात बाबांच्या तळव्यावर तसा डाग होता का, हे आईला विचारून बघा.

ऑपरेशनशिवाय कोण बरं होतं? उभं राहून काढलेल्या फिल्ममध्ये काहीही हललेलं नाही आणि सीटीतही सांधा जागेवर आहे, असा रुग्ण. त्याला गुडघ्याखाली प्लॅस्टर किंवा बूट, सुमारे ६ आठवडे पाय न टेकवणं, आणि मध्ये साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा वजन देऊन एक एक्स-रे, कारण सुरुवातीला घट्ट वाटलेला सांधा नंतर उघडलेला मी पाहिलेला आहे. असे रुग्ण छान चालतात. पण बाबांच्या सीटीवर डॉक्टरांनी 'निखळलाय' असं म्हटलं असेल तर ते या गटात बसत नाहीत.

आत्यांचं प्लॅस्टर इथे का चालत नाही तेही सांगतो. प्लॅस्टर बाहेरून धरतं. मनगटाचं हाड त्यात राहू शकतं, कारण तिथे कातडीखाली हाड लगेच लागतं आणि तीन बाजूंनी दाब देता येतो. पावलाच्या मधल्या भागात सूज उतरली की प्लॅस्टर आतून सैल होतं, आणि निखळलेलं दुसरं मेटाटार्सल पुन्हा सरकतं. शिवाय त्याच्या रिकाम्या खोबणीत तुटलेल्या लिगामेंटचे धागे आणि हाडाचे कण अडकलेले असतात. ते काढल्याशिवाय हाड पूर्ण आत जात नाही.

काकांना माझ्याकडून आदराने सांगा की हाडवैद्याच्या हाताला खांदा किंवा बोटाचा सांधा कळत असेल, पण इथे बसवायचं अंतर दोन-तीन मिलिमीटरचं आहे आणि ते बोटांना लागत नाही. ओढून, चोळून, लेप लावून वर बांबूच्या कामट्यांची घट्ट पट्टी बांधली तर कातडीवर फोड येतात, आणि ज्या कातडीतून आम्हाला आत जायचंय तीच खराब होते. मग ऑपरेशन आणखी दोन आठवडे पुढे जातं. बाबांच्या पावलाला तेलमालिश चालू असेल तर आजच थांबवा.

काहीच केलं नाही तर? दुखणं काही महिन्यांनी थोडं कमी होतं आणि माणसाला वाटतं, बरं झालं. पण कमान हळूहळू खचते, चवडा बाहेरच्या बाजूला वळतो, पावलाच्या वर हाडाचा उंचवटा येतो, चप्पलेचा पट्टा तिथे टोचायला लागतो. सांध्यातलं कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, घासून संधिवात होतो. ढेकळांतून चालताना, डोक्यावर ओझं घेताना, पाण्याच्या पाळीला रात्री बांधावरून जाताना प्रत्येक पाऊल दुखतं. मी या निर्णयात शेतकऱ्याला ऑफिसात बसणाऱ्यापेक्षा वेगळं धरतो ते यामुळे. त्यांचं पाऊल सपाट फरशीवर चालत नाही.

उशीर झालाय का? नाही. हे ठामपणे सांगतो. सुजलेल्या पावलावर मी पहिल्या दोन-चार दिवसांत मोठा छेद घेतच नाही. जखमेच्या कडा काळ्या पडतात, टाके उघडतात. कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्या की तयार समजतो, आणि त्याला बहुतेकदा एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे बाबा आत्ता अगदी योग्य वेळेत आहेत. दोन-तीन आठवड्यांपर्यंत हाडं जागेवर आणणं सोपं असतं. सहा आठवड्यांपर्यंतही जमतं, पण भरलेला व्रण खरवडून काढावा लागतो. त्यानंतर नुसतं बसवून स्क्रू टाकण्यापेक्षा सांधा जोडण्याकडेच बहुतेक सर्जन वळतात. एवढंच, की मधल्या काळात पाय टेकवू देऊ नका. स्लॅब (अर्धं प्लॅस्टर), कुबड्या किंवा वॉकर, आणि झोपताना पाऊल छातीच्या पातळीपेक्षा वर.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून घेतो, कारण ती थांबत नाही. अपघातानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणं गोळ्या-इंजेक्शनांनीही वाढतच गेलं, बोटं नुसती हलवली तरी असह्य कळ आली, पाऊल दगडासारखं कडक लागलं, बोटं गार किंवा बधिर झाली, जखम हाडापर्यंत गेली, किंवा आतल्या हाडाने कातडी ताणून पांढरी पडली, तर ती आणीबाणी आहे. पावलाच्या वरून जाणाऱ्या धमनीची एक फांदी नेमकी पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलच्या मधून तळव्याकडे उतरते, तिला इजा होऊ शकते. आणि स्नायूंच्या बंद कप्प्यांत दाब वाढला तर स्नायू मरतात. तिथे रात्रीच हॉस्पिटल गाठायचं.

आता ऑपरेशन. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात, मांडीला रक्त रोखणारा पट्टा बांधतात, टेबलाजवळ सी-आर्म म्हणजे चालू एक्स-रेचं यंत्र असतं. पावलाच्या वरून एक छेद, गरज पडली तर बाहेरच्या बाजूला दुसरा. दोन छेदांमध्ये कातडीचा रुंद पूल ठेवावा लागतो, नाहीतर मधल्या कातडीचं रक्त तुटतं. नसा आणि धमनी बाजूला धरून सांध्यात अडकलेला कचरा साफ करायचा, मग आधी आतला पहिला सांधा आणि दुसऱ्या मेटाटार्सलचं बूड डोळ्यांनी बघून जागेवर आणायचं, चिमट्याने दाबून तात्पुरत्या तारांनी धरायचं. ते बसलं की बाकीची हाडं बरीचशी आपोआप रांगेत येतात. मग कायमचं धरण. आतल्या पाचरीच्या हाडातून दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडात जाणारा तिरका स्क्रू हा त्यातला मुख्य, तुटलेल्या लिगामेंटच्याच वाटेने जाणारा. पहिल्या आणि तिसऱ्या सांध्याला गरजेनुसार स्क्रू किंवा वरून प्लेट. चौथ्या-पाचव्याला फक्त तारा, ज्या सुमारे ६ आठवड्यांनी काढतात.

स्क्रू सांध्याच्या आरपार जातो, म्हणून तो कूर्चा थोडंफार बिघडवतो. प्लेट सांध्यावरून पूल टाकते, कूर्चाला हात लावत नाही, पण छेद मोठा लागतो. मी जिथे हाडाचा चुरा झालाय तिथे प्लेट पसंत करतो, तुकडे मोठे असतील तर स्क्रू. याबद्दल सर्जनांमध्ये मतभेद आहेत आणि तुमच्या डॉक्टरांनी यातलं एक निवडलं म्हणून दुसरं चांगलं होतं असं समजू नका. रुग्णाला जास्त फरक पडतो तो हाडं किती अचूक बसली यावर. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा ४८ रुग्णांचा काही वर्षं पाठपुरावा केला होता. हाडं नेमकी जागेवर बसलेल्यांत संधिवाताचं प्रमाण १६ टक्के होतं, थोडीशी वाकडी राहिलेल्यांत ६० टक्के. ऑपरेशन टेबलावर आम्ही अर्धा तास एका मिलिमीटरसाठी घालवतो तो त्यामुळे.

तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न यानंतरचा: सांधा कायमचा जोडणं. 'कायमचा' ऐकून तुम्ही घाबरलात, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. बाबांचं पाऊल लाकडासारखं होईल असं वाटलं असणार. तसं होत नाही, आणि यावर मी जरा वेळ घेतो.

या पाच सांध्यांची मुळातली हालचाल मोजलेली आहे. दुसऱ्या सांध्यात ती एक अंशसुद्धा नसते. तिसऱ्यात दोनाच्या आत, पहिल्यात तीन-चार अंश. चौथ्या आणि पाचव्यात मात्र दहाच्या आसपास, आणि खडबडीत जमिनीवर पाऊल जुळवून घेतं ते यांच्या जोरावर. म्हणून जोडायचे झाले तर पहिले तीन जोडतात. ते मुळातच घट्ट राहण्यासाठी आहेत, हालचालीसाठी नाहीत. चौथा-पाचवा आम्ही शक्यतो कधीच जोडत नाही. घोटा, टाचेचा सांधा, बोटं, सगळं पूर्वीसारखं हलतं. मांडी घालून जेवायला बसणं, उकिडवं बसून खुरपणं, भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं, हे घोटा, गुडघा आणि खुब्यावर अवलंबून आहे. प्लॅस्टरच्या दिवसांत घोटा आखडू दिला नाही तर यातलं काही जात नाही.

मग जोडण्याचा फायदा काय? हाड हाडाला दोन-तीन महिन्यांत पक्कं चिकटतं. लिगामेंट तसं चिकटत नाही. ते व्रणाने भरतं आणि कधीकधी ताणतं. म्हणून जिथे हाड फारसं मोडलेलं नाही आणि फक्त लिगामेंट तुटली आहेत, तिथे स्क्रू काढल्यावर सांधा पुन्हा हळूहळू उघडण्याची भीती जास्त असते. २००६ साली एक अभ्यास आला, त्यात मुख्यतः लिगामेंटची दुखापत असलेल्या ४१ रुग्णांपैकी २१ जणांचे सांधे पहिल्याच वेळी जोडले आणि २० जणांना स्क्रू टाकले. दोन वर्षांनी जोडलेल्यांचं पाऊल बऱ्यापैकी सरस निघालं. त्यानंतरच्या अभ्यासांत चालण्या-फिरण्यात एवढा फरक दिसला नाही, पण स्क्रूवाल्यांना दुसऱ्यांदा ऑपरेशनला यावं लागण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं, मुख्यतः स्क्रू काढण्यासाठी.

माझा कल असा. मेटाटार्सलच्या बुडाला मोठे तुकडे झालेत, कूर्चा चांगलं आहे, रुग्ण तरुण आहे: हाडं बसवून स्क्रू किंवा प्लेट. हाड जवळजवळ शाबूत आणि दोन-तीन सांधे नुसते उघडलेत, किंवा आत बघितल्यावर कूर्चाचा चुरा दिसतोय, किंवा सहा आठवडे उलटून गेलेत: जोडणं. रुग्ण अंगमेहनतीचं काम करणारा असेल आणि पुन्हा-पुन्हा हॉस्पिटलला येणं त्याला परवडणारं नसेल, तर हेही मी जोडण्याच्या पारड्यात टाकतो. बाबांच्या बाबतीत वय, शेती आणि पहिल्या एक्स-रेत मोडलेलं हाड न दिसणं, हे तिन्ही बघता ते लिगामेंटच्या गटातले असावेत असं वाटतं. सीटीत तसंच असेल तर मी जोडण्याकडे झुकेन. पण बऱ्याचदा हा निर्णय सांधा उघडून कूर्चा डोळ्यांनी पाहिल्यावरच पक्का होतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी 'हे किंवा ते' असं सांगितलं त्यात गोंधळ काही नाही. संमतीपत्रावर दोन्ही लिहून घेणं योग्यच आहे.

इथे दोन गोष्टींवर सगळं फिरू शकतं, आणि तुम्ही त्यांबद्दल काही लिहिलेलं नाही.

पहिली, तंबाखू. बिडी, गुटखा, मळलेली तंबाखू, मिश्री, यातलं काहीही असेल तर निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो आणि जोडलेलं हाड न चिकटण्याचा धोका वाढतो. ऑपरेशन ठरलं त्या दिवसापासून बंद, आणि हाड जुळेपर्यंत बंद. दाताला मिश्री लावणाऱ्यांना ते व्यसन वाटतच नाही, म्हणून डॉक्टर विचारतात तेव्हा ते 'नाही' म्हणतात. तुम्ही घरचे आहात, तुम्हाला खरं माहीत असेल.

दुसरी, साखर. मधुमेह आहे का, आणि असेल तर तीन महिन्यांची सरासरी किती आहे, हे आधी कळलं पाहिजे. बऱ्याच माणसांचा मधुमेह ऑपरेशनपूर्वीच्या तपासणीतच पहिल्यांदा सापडतो. तळव्याची संवेदना गेलेली असेल तर गणित वेगळं होतं. मधुमेहात नसा बधिर झाल्यावर पावलाची हाडं आपोआप ढासळण्याचा शार्को नावाचा विकार नेमका याच सांध्यात सगळ्यात जास्त होतो. तिथे पाऊल लाल, गरम, सुजलेलं असतं, पण अपघात किरकोळ किंवा झालेलाच नसतो आणि दुखणंही त्या मानाने कमी असतं. अशा पावलाला घाईने दोन स्क्रू टाकले तर ते मोडून बाहेर येतात. बाबांना एवढं दुखतंय आणि अपघात ठळक आहे, म्हणून शार्को असण्याची शक्यता मला कमी वाटते. तरी तळव्याची संवेदना तपासली का, एवढं डॉक्टरांना विचारा.

ऑपरेशननंतरचं वेळापत्रक सांगतो. टाके साधारण दोन आठवड्यांनी. पहिले ६ ते ८ आठवडे पाय जमिनीला अजिबात लावायचा नाही, सांधा जोडला असेल तर थोडं जास्त. मग बुटात थोडं-थोडं वजन, आणि तिसऱ्या महिन्याच्या आसपास कडक तळव्याच्या बुटात कमानीचा आधार घालून चालणं. स्क्रू सांध्याच्या आरपार असतील तर मी ते चार ते सहा महिन्यांनी काढतो, कारण चालायला लागल्यावर ते मोडू शकतात. जोडलेल्या सांध्यातले त्रास देत नसतील तर राहू देतो. संध्याकाळची सूज वर्षभर येत-जात राहते, ती दिसली म्हणून काही बिघडलं असं नाही. पोटरी दुखून सुजली किंवा अचानक दम लागला तर मात्र लगेच दाखवा, शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

ऑपरेशन उत्तम झालं तरी काही धोके राहतात. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात बधिरपणा राहू शकतो. जखम चिघळू शकते. हाडं अचूक बसवूनही काहींना पुढे संधिवात होतो, कारण अपघाताच्या क्षणी कूर्चाला बसलेला मार परत घेता येत नाही. पाऊल शंभर टक्के पूर्वीसारखं होईल असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विसंबू नका. दिवसभर काम करता येईल असं, क्वचित थंडीत ठणकणारं पाऊल मिळावं, अशी अपेक्षा ठेवा.

घरच्या तयारीकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच घसरतात. दोन महिने एका पायावर राहायचं म्हणजे संडासाला कमोडची खुर्ची लागेल, पलंग लागेल, न्हाणीघरात ओली फरशी असेल तर रबरी चटई. वॉकरवर एका पायाने चालण्याचा सराव ऑपरेशनच्या आधी करून घ्या. हा खरीप बाबांच्या हातून गेलाच आहे, रब्बीची पेरणीही दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी लागेल. जनावरांचं कोण बघणार हे आत्ताच ठरवा. मी अशा रुग्णांना पाचव्या आठवड्यात शेणात पाय टेकवून गोठ्यात उभं राहिलेलं पाहिलं आहे, कारण धार काढायला दुसरं कुणी नव्हतं.

खर्चाचं विचारलं नाहीत, पण मनात असणारच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेले असतात. दाखल होण्याआधी रेशनकार्ड, आधार आणि सीटीचा रिपोर्ट घेऊन त्यांना भेटा आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का ते विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या अस्थिरोग विभागातही हे काम होतं. कुठेही गेलात तरी सर्जनला दोन प्रश्न जरूर विचारा: तुम्ही या सांध्याची ऑपरेशनं नेहमी करता का, आणि टेबलावर कूर्चा खराब निघालं तर त्याच वेळी जोडायची तयारी असेल का. चांगल्या सर्जनला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

शेवटी तुम्ही ट्रॅक्टरचं विचारलंय. डाव्या पायाची दुखापत आहे आणि क्लच डाव्या पायाखाली, तोही चवड्यानेच दाबायचा. म्हणजे जो जोर या सांध्यावर सगळ्यात जास्त येतो तोच. मोटारसायकलचा गिअरही त्याच पायाने. चालणं सुरू झालं तरी मी हे दोन्ही लगेच देत नाही. एक्स-रेत जोड पक्का दिसला पाहिजे, आणि दुखऱ्या एका पायावर, भिंतीला एका बोटाचा आधार घेऊन, टाच उचलता आली पाहिजे. बहुतेकांना ते चौथ्या ते सहाव्या महिन्यात जमतं. तोवर बाबांना शेत बघायला जायचं असेल तर तुम्ही गाडी चालवा आणि त्यांना मागे बसवा, डाव्या पायात बूट घालून.